गार उजेड आणि मायचा पाय

माघ सरत आला की माझ्या दवाखान्याच्या पायरीवर माणसं तिरकी चढायला लागतात. कोणी ऑटोतून उतरून एक हात कमरेवर ठेवतो, कोणी मुलाच्या खांद्याला धरतो, कोणी मोटारसायकलवरून उतरल्यावर जागच्या जागी उभा राहून पुढचं पाऊल टाकावं की नाही याचा विचार करतो. मला बाहेर जाऊन विचारावं लागत नाही. खिडकीतून एवढं दिसलं की कळतं, जवारी उपटायला आली.

आमच्याकडं रब्बीची जवारी कापत नाहीत, उपटतात. यंत्रं आली तरी अजून पुष्कळ शेतांत उपटतातच. काळी जमीन तोवर वाळून भेगाळलेली असते आणि जवारीच्या उभ्या ताटाला सुखासुखी सोडत नाही. माणूस वाकतो, दोन-तीन ताटं मुठीत धरतो, कमरेतून झटका देतो, मुळाची माती पायावर आपटून झाडतो आणि पुन्हा वाकतो. असं दिवसभर. शंभर झटके निभून जातात, एकशेएकावा पाठीत राहतो. त्याला उसण भरली म्हणतात. पुस्तकात त्याला स्नायू ताणला जाणं म्हणतात. दुखतं दोन्हीकडं सारखंच.

माझ्या टेबलावर आज लेझरचं जे यंत्र आहे ते जेवणाच्या डब्याएवढं आहे. त्याची दांडी मी दुखऱ्या जागेवर टेकवते, वेळ लावते, आणि पेशंट पालथ्या पडल्या पडल्या विचारतो, "मॅडम, चालू हाय का?" तीस वर्षांत हा प्रश्न बदललेला नाही. या उजेडाचा चटका बसत नाही, मुंग्या येत नाहीत, बहुतेक वेळा तो दिसतही नाही. शेक म्हणजे भाजलं पाहिजे आणि औषध म्हणजे झोंबलं पाहिजे असं मानणाऱ्या मुलखात मी हा गार उजेड घेऊन बसले आहे.

चालू आहे का, या प्रश्नाला मी लगेच हो म्हणत नाही. आधी तपासते. रोज, प्रत्येक पेशंटच्या वेळी. नव्यानं कामाला लागलेल्या मुली त्यावरून मला हसतात. हसू देत. त्यांनी चौऱ्याण्णवची सुगी पाहिलेली नाही.

त्या वर्षी संक्रांतीला मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं. कोणी म्हणालं नामविस्तार, कोणी म्हणालं निम्मंच दिलं. आमच्या वस्तीत मात्र साखर संपेपर्यंत वाटली गेली. मी सव्वीस वर्षांची होते. नागपूरला फिजिओथेरपी शिकून परभणीत एका हाडांच्या डॉक्टरांकडं नोकरीला लागले होते. माय गावातच राहायची, एकटी. वडील मी पाळण्यात असतानाच गेलेले. आमचं गाव पिंगळीच्या स्टेशनापासून तासाभराच्या वाटेवर, आणि आमची वस्ती गावापासून हाकेच्या अंतरावर.

माय पायाळू होती. म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले होते. अशा माणसाचा पाय उसण भरलेल्या पाठीला लागला की उसण उतरते, असं आमच्याकडं पूर्वापार मानतात. डावा पाय, पाच वेळा, वरून खाली. त्याबद्दल पायाळूनं काही घ्यायचं नाही आणि कोणाला नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलं तर पायाचा गुण जातो. मायनं हे नियम कधी तपासून पाहिले नव्हते. भाकरी तव्यावर टाकावी तितक्या सहज ती ते पाळायची.

सुगीत तिला खळ्यावरून बोलावणं यायचं. तिथं गोणपाटावर कोणीतरी पालथा पडलेला असायचा. एरवी ज्यांच्या ओट्यावर तिला बसता येत नव्हतं त्यांच्या पाठीवर तिनं पाय ठेवायचा, आणि तोही त्यांनीच बोलावलं म्हणून. मी तिच्या मागं मागं जायची आणि मला फार मोठं वाटायचं. माय एकदम पाय ठेवायची नाही. आधी अंगठ्यानं जागा चाचपायची. "हितं का? जरा खाली?" असं विचारत सरकायची. माणूस "हां, तितंच" म्हणाला की थांबायची आणि मग पाच वेळा पाय ओढायची. झालं की ती मागं सरायची आणि घरची बाई तांब्या घेऊन पुढं यायची. त्या माणसाच्या पाठीवर आणि डोक्यावर पाण्याचे चार शिंतोडे उडवायची. मग तो उठून बसायचा.

मला वाटायचं, पाणी हा इलाजाचाच भाग आहे. पाच वेळा पाय आणि शेवटी पाणी, तेव्हा कुठं उसण उतरते.

एकदा मी आणि शेजारची रंजना अंगणात खेळत होतो. ती पाठ धरून पालथी पडली, मी पायाळू झाले. पाच वेळा पाय लावला आणि धावत जाऊन रांजणातलं पाणी आणून तिच्या पाठीवर शिंपडलं. माय दारात जवारी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं, उठली आणि मला मारलं. आयुष्यात तिनं मला मारलं ते तेवढं एकदाच. का मारलं ते सांगितलं नाही. मला ते कळायला आणखी दोन-तीन वर्षं लागली, आणि कळलं तेव्हा कोणी समजावून सांगावं लागलं नाही. मायचा पाय लागलेली पाठ त्या पाण्यानं शुद्ध करून घेतली जात होती, आणि मी तोच विधी घरात आणून माझ्या मैत्रिणीवर केला होता.

मायला सगळ्यात नेमानं बोलावणारे म्हणजे मारोतराव. वीस एकर काळी जमीन, गावातली एकुलती एक पिठाची गिरणी, आणि दर सुगीला हमखास भरणारी पाठ. गडी असूनही स्वतः उपटायला उतरायचे हा त्यांचा गुण, आणि पहिल्याच दिवशी तरण्या गड्यांशी पैज लावायचे हा अवगुण. तिसऱ्या दिवशी त्यांचा निरोप ठरलेला असायचा, "गयाला धाडा." माणूस तसा वाईट नव्हता. मायला हाक मारताना आवाज चढवायचा नाही. हेही सांगायला हवं, कारण पुढचं त्याच माणसानं केलं.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात जाळपोळ सुरू झाली. आमच्या गावात घरं जळली नाहीत. गावातली माणसं ही गोष्ट अजूनही उपकार केल्यासारखी सांगतात. आमच्या गावानं फक्त बंद केलं. दुकान बंद, मजुरी बंद, पाणवठा बंद, गिरणी बंद. मी दहा वर्षांची होते. बंदीचं वस्तीपर्यंत अजून धड पोचलं नव्हतं तेव्हा माय टोपलंभर जवारी डोक्यावर घेऊन गिरणीवर गेली, मी मागं. गिरणीचा फटफट आवाज दुरूनच येत होता. मारोतराव दारात उभे होते.

"गया, आज न्हाई."

"उद्या येऊ का, मालक?"

"गावानं ठरवलंय. माझ्या एकल्याच्या हातात काय हाय?" ते खाली बघत म्हणाले. आत दुसऱ्या कोणाचं तरी पीठ पडत होतं. नव्या पिठाचा तो गरम वास मला अजून येतो.

मायनं टोपलं डोक्यावरून उतरवलंसुद्धा नव्हतं. तशीच वळली. घरी येऊन तिनं कोपऱ्यातलं जातं पुढं ओढलं, झाडलं, पुसलं आणि दळायला बसली. मी तिच्या समोर बसून खुंट्याला हात लावला.

दोन-अडीच महिन्यांत बंदी आपोआप विरली. शेतात माणसं लागतातच. दुकान उघडलं, पाणवठा उघडला, गिरणीवर कोणी अडवेना. वस्तीतल्या बाया टोपली घेऊन पुन्हा जायला लागल्या. माय गेली नाही. घरी जातं, नाहीतर पिंगळीची गिरणी. तासभर जायचं, तासभर यायचं, डोक्यावर टोपलं. नामांतरासाठी माणसं मोर्चात चालली, तुरुंगात गेली. माय कुठल्या मोर्चाला गेली नाही. ती सोळा वर्षं पिंगळीला दळायला गेली.

आणि बंदीच्या त्याच वर्षी, सुगीत, मारोतरावांची पाठ भरली. निरोप घेऊन आलेल्या गड्याला मायनं दारातूनच सांगितलं, "त्यांच्या गिरणीत माझं पीठ चालंना, मंग त्यांच्या पाठीला माझा पाय कामून चालायलाय? सांग जाऊन, गया न्हाई मनली."

गडी गेल्यावर ती उंबऱ्यावर बसली आणि किती तरी वेळ आपल्या डाव्या पायाकडं बघत राहिली. तिनं नियम मोडला होता. तिची खात्री होती की त्या क्षणी पायाचा गुण गेला. त्यानंतर तिनं कुणाच्याच पाठीला पाय लावला नाही, वस्तीतल्या बायांच्यासुद्धा. फार आग्रह झाला तर म्हणायची, "गेलेला गुण लावून लोकायला फसवू का?" मी शाळेत विज्ञान शिकत होते, मला हे सगळं अडाणीपणाचं वाटायचं. गुण नव्हताच तर गेला कसा, असं मी तिला एकदा विचारलंही. ती म्हणाली, "तुला न्हाई कळायचं." ते खरं होतं. जे होतं असं मी मानत नव्हते, ते गमावल्याचं तिचं दुःख मला दिसत होतं आणि त्याचं काय करावं हे कळत नव्हतं. पुढं फिजिओथेरपीच का निवडली, असं कोणी विचारलं तर मी मार्कांचं कारण सांगते.

डॉक्टरांनी लेझरचं यंत्र हैदराबादहून आणलं ते त्या संक्रांतीनंतर. लोखंडी पेटीएवढं, हिरवट रंगाचं, वायरीला जाड पेनासारखी दांडी. पेशंटनं आणि मी, दोघांनीही काळे चष्मे लावायचे. आतला खरा उजेड डोळ्यांना दिसत नाही, म्हणून दांडीच्या टोकाशी एक बारीक लाल दिवा दिलेला, यंत्र चालू असल्याची खूण म्हणून. मी माहितीपत्रक दोनदा वाचून काढलं. हा उजेड कातडीखाली उतरतो, ताणलेल्या स्नायूतल्या पेशींना बळ देतो, सूज ओसरते, दुखणं कमी होतं. वाचता वाचता मला भरून आलं. पाय लावायला नको, हातसुद्धा जेमतेम. कोणाची पाठ आणि कोणाचा स्पर्श, हा हिशेबच नको. उजेडाला कोण काय विचारणार?

मायला मुद्दाम बोलावून दाखवलं. काळा चष्मा लावून ती स्टुलावर ताठ बसली आणि दांडीपुढं तळवा धरला.

"ऊन न्हाई, गार बी न्हाई. ह्यात हाय काय, सुमे?"

"उजेड हाय, माय. दिसत न्हाई तसला."

"दिसत न्हाई तर उजेड कामून मनायचा?" तिनं दांडी उलटीसुलटी करून पाहिली. "तू हात कुठं लावतीस?"

"जागा शोधायला लावते. मग ही दांडी टेकवते."

"मंग जागा तर तूच शोधतीस की," ती म्हणाली आणि चष्मा काढून ठेवला. मला तिचा थोडा रागच आला.

पुढं पंधरा दिवसांनी मारोतराव आले. साठी उलटलेली, भिंत धरत धरत चाललेले. हाड ठीक आहे, स्नायू ताणलाय, दहा दिवस लेझर, अशी डॉक्टरांची चिठ्ठी हातात. त्यांनी मला ओळखलं नाही. मी आधी नाव वाचलं, आणि ते टेबलावर पालथे झाले तेव्हा पाठही ओळखली. कमरेच्या वर उजवीकडं सुपारीएवढी चामखीळ होती. मायचा अंगठा तिला वळसा घालून जायचा.

"कुठल्या तुमी, बाई?"

मी गावाचं नाव सांगितलं. त्यांनी मान वळवली. "कोनाच्या?"

"गयाबाईंची."

माझ्या बोटांखाली त्यांची पाठ एकदम ताठ झाली. दुखण्यानं की नावानं, ते बोटांना कळलं नाही. "मोठी झालीस," ते म्हणाले.

त्या दिवशी झाल्यावर ते बाहेरच्या नळाशी गेले. उपरणं ओलं केलं, मान पुसली, सदरा वर करून पाठ पुसली. मी खिडकीत उभी होते. दुपारचे दोन वाजले होते, ऊन तापलेलं होतं, कोणीही पुसली असती. हे मी स्वतःला दोनदा सांगितलं. तरी माझा उजवा हात मी किती तरी वेळ मुठीत आवळून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम जास्त वेळ हात लावला. जागा शोधायला एक मिनिट पुरतं, मी दहा घेतली. स्नायू कुठं गाठाळलाय, कुठं सैल आहे, कुठं दाबलं की श्वास अडतो, ते बोटांनी शोधत राहिले. मग दांडी टेकवली. तिसऱ्या दिवशी तेच. त्यात सेवा किती आणि खुन्नस किती, हे मला आजही सांगता येणार नाही. "हितं का? जरा खाली?" असं मी विचारत होते. शब्द मायचे आहेत, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

"चालू हाय का?" ते रोज विचारायचे.

"चालू आहे," मी लाल दिव्याकडं बघून सांगायची.

सहाव्या दिवशी ते भिंत न धरता आले. बाहेर बसलेल्या दोघा-तिघांना सांगत होते, "लय गुण हाय ह्या उजेडाला."

सातव्या दिवशी सकाळी यंत्र पुसताना मी सहज दांडी त्याच्या कडेच्या छोट्या खिडकीवर धरली. आतून उजेड येत असेल तर तिथं बारीक शिट्टी वाजते. वाजली नाही. पुन्हा धरली. लाल दिवा लागलेला, वेळ उलटी मोजली जातेय, आणि शिट्टी नाही. रोज तपासावं असं पत्रकात लिहिलं होतं. सुरुवातीला मी तपासलं, मग दिवा दिसतोय म्हणून सोडून दिलं. मारोतराव यायच्या दोन दिवस आधी वीज जाऊन एकदम जोरात आली होती आणि बाहेरच्या खोलीतला बल्ब उडाला होता. तेव्हाच आतलं काहीतरी जळालं असणार. सहा दिवस मी त्यांच्या पाठीवर एक मेलेली दांडी टेकवून बसले होते.

डॉक्टर म्हणाले, "बरं वाटतंय ना त्यांना? मग सांगतेस कशाला? राहिलेले दिवस साधा शेक दे. मशीन दुरुस्तीला पाठवू." त्यात त्यांचं अगदी चुकत होतं असं नाही. ताणलेला स्नायू बहुतेक वेळा आपला आपणच दोन-तीन आठवड्यांत भरून येतो. ते डॉक्टरांना ठाऊक होतं आणि मलाही. पण मला मायचं वाक्य सोडेना. गेलेला गुण लावून लोकायला फसवू का? एका अडाणी बाईनं जे कधी केलं नाही ते मी पदवी घेऊन सहा दिवस करत होते. नकळत केलं हे खरं, पण त्या दिवसापासून जे झालं असतं ते नकळत झालं नसतं.

दुपारी ते आले तेव्हा मी टेबलाशेजारी उभं राहून सांगितलं, "काका, हे यंत्र बंद आहे. तुम्ही आलात त्या दिवसापासून बंदच होतं. नुसता दिवा लागत होता. मी तपासायला पाहिजे होतं, चूक माझी आहे."

ते टेबलाच्या कडेवर बसले. "मंग पाठ कशानं बरी झाली?"

"होते आपोआप. विश्रांतीनं. थोडी चोळण्यानं."

"दर साली तुझी माय पाय लावायची. तवा बी आपोआपच व्हत आसंल?"

"असेल."

"मंग ही पंधरा-सोळा सालं कामून झाली न्हाई? दर सुगीला महिना महिना पडून ऱ्हायलो की."

वय वाढलं, पैजा थांबल्या नाहीत, असं काहीतरी सांगता आलं असतं. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "तू बी मायवानीच इचारतीस. हितं का, जरा खाली." मग, "पैल्या दिशी मी नळावर पाठ पुसली. तू खिडकीत व्हतीस. ऊन व्हतं मनून पुसली, पर पुसता पुसता माझं मलाच वाटलं, आपुन काय करायलाव." उठताना त्यांनी विचारलं, "मायला इचार. मी आलो तर चालंल का?"

मी निरोप पोचवला. माय म्हणाली, "रस्ता सरकारचा हाय. कोनबी येईल."

लेझरचा ताणलेल्या स्नायूला नेमका किती उपयोग होतो, यावर जाणकार अजून वाद घालतात. मी दोन्ही बाजू वाचते. माझ्या पेशंटना बरं वाटतं, तेव्हा त्यात उजेड किती, दिवस किती आणि हात किती, हे मला वेगळं काढता येत नाही. म्हणून मी उजेड तपासून देते आणि हात आखडता घेत नाही. एवढंच शहाणपण मला त्या सुगीनं दिलं. बाकीचं जे दिलं ते शहाणपणात बसत नाही.

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला मारोतराव आमच्या अंगणात आले. धुतलेला गडद निळा सदरा, डोक्याला पटका. वस्तीत ते आधी कधी पाऊल टाकल्याचं मला आठवत नाही. माय मजुरीत आलेली नवी जवारी पाखडत होती. ती उठली नाही.

"बसा, मारोतराव."

मालक नाही, मारोतराव. त्यांनाही ते ऐकू आलं. बाजेवर टेकले.

"पाठ बरी झाली मन की," माय म्हणाली. "मंग इकडं कसं?"

ते जवारीच्या ढिगाकडं बघत म्हणाले, "गयाबाई, त्या दिशी मी मनलो, माझ्या हातात काय हाय. गिरणीची किल्ली माझ्याच हातात व्हती."

मायनं सूप बाजूला ठेवलं, ओंजळी ओंजळीनं टोपलं भरलं आणि त्यांच्यापुढं सरकवलं. "एवढं दळून आना."

"गड्याला धाडतो की आत्ता."

"गड्याचं काम न्हाई."

मला गप्प राहवेना. "माय, त्यांना अजून पंधरा दिवस ओझं उचलायचं नाही. मीच सांगितलंय."

मायनं माझ्याकडं पाहिलं, त्या यंत्राकडं पाहिलं होतं तसं. "मी सोळा सालं पिंगळीला न्हेलं. त्यांला तर गिरणी गल्लीच्या टोकाला हाय."

मारोतराव उठले. गुडघ्यात वाकून वजन उचलायचं हे मी आठवडाभर त्यांना शिकवलं होतं. ते कमरेतून वाकले, टोपलं डोक्यावर घेतलं आणि निघाले. मी मागं. सोळा वर्षांपूर्वी याच वाटेवर मी अशीच कुणाच्या तरी मागं चालले होते. वस्तीतल्या बाया दारात आल्या. गिरणीवर त्यांचा मुलगा बसला होता, तो धावत पुढं आला, पण त्यांनी त्याला हात लावू दिला नाही. स्वतः वरून जवारी ओतली, स्वतः खाली उभं राहून पीठ धरलं. तोच गरम वास आला. मला रडू येईल असं वाटलं आणि ते उडणाऱ्या पिठावर ढकलता येईल म्हणून बरंही वाटलं, पण आलं नाही.

परत येताना त्यांचं पाऊल जड पडत होतं. अंगणात आले, टोपलं उतरवायला वाकले आणि तिथंच अडकले. पाठीत चमक निघाली होती. अर्धवट वाकलेले, तोंड वासलेलं, टोपल्यातलं ओंजळभर पीठ सांडून अंगणात पसरलेलं. मी धावले. माझी आठवडाभराची मेहनत मातीत गेली होती आणि मला मायचा संताप आला होता.

"गोणपाट आन," माय म्हणाली.

मी अंथरलं. आम्ही दोघींनी धरून त्यांना पालथं केलं. माय त्यांच्याजवळ उभी राहिली, पण तिनं पाय उचलला नाही. तिचा आवाज बारीक झाला होता. "आधीच सांगते. गुण गेलाय. तुमालाच न्हाई मनले तवापासून गेलाय. लागंल का न्हाई, म्हाईत न्हाई."

"लावा, गयाबाई," ते गोणपाटात तोंड ठेवून म्हणाले.

सांडलेल्या पिठातून एक पाऊल टाकून ती पुढं झाली. अंगठ्यानं सदऱ्यावरून जागा चाचपत म्हणाली, "हितं का? जरा खाली?"

"हां. तितंच."

पाच वेळा. वरून खाली. मी मोजत होते. पाचवा झाला आणि माझं लक्ष आपोआप बाजूला गेलं. लहानपणापासून पाचव्यानंतर तांब्या यायचा. कोणी तांब्या घेऊन आलं नाही. आमच्या अंगणात तो आणणार तरी कोण होतं?

ते हळूहळू एका हातावर उठले, गुडघा धरून उभे राहिले.

"कसं हाय?" मायनं विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा ती पाय लावल्यावर उत्तराची वाट बघत होती.

"दुखायलंय अजून," ते म्हणाले. मग पाय बदलून, जरा ताठ होऊन, "पर लागलं. बरोबर जागी लागलं. सरळ व्हता यायलंय."

"उद्या दवाखान्यात जा. ह्या पोरीचं यंत्र सुदरलं की उजेड बी घ्या," माय म्हणाली.

ते वळले आणि मला त्यांची पाठ दिसली. निळ्या सदऱ्यावर पिठाचा पाय उमटला होता. वर नुसती पुसट रेघ होती, पण खाली, जिथं माय शेवटी थांबली होती, तिथं टाच आणि पाचही बोटं स्वच्छ मोजता येत होती. मी म्हणायला गेले, "काका, पाठ झटका जरा." मायनं माझं मनगट धरलं. ते गल्लीतून, गिरणीवरून, गावातल्या ओट्यांवर बसलेल्या माणसांसमोरून भर उन्हात सावकाश चालत घरी गेले. त्यांना पाठीवरचं ठाऊक होतं की नव्हतं, आणि घरी त्यांच्या बायकोनं तो सदरा झटकला की तांब्या आणला, हे आम्हाला कधीच कळलं नाही.

दुपारी मायनं त्या पिठाच्या भाकरी केल्या. सोळा वर्षांनी आमच्या घरात गावच्या गिरणीचं पीठ आलं होतं. तिनं मला वाढलं, स्वतः वाढून घेतलं, आणि जेवायला बसताना डावा पाय पुढं पसरला. बोटांच्या फटींत पीठ तसंच होतं. तिनं ते झाडलं नाही. पायाकडं बघत, मला नव्हे, स्वतःलाच सांगितल्यासारखं ती म्हणाली, "गेला नव्हता, वाटतंय."